कंटाळ्यावरची गोळी

अमेरिकेतल्या विद्यापीठांत सत्राच्या शेवटच्या परीक्षा डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि मेच्या सुरुवातीला येतात. त्या दिवसांत ग्रंथालये रात्रभर उघडी राहतात, कॉफीच्या दुकानांत रांगा लागतात आणि वसतिगृहांत एका गोळीची विचारपूस वाढते. गोळीचे नाव ॲडरॉल. मुलांच्या बोलण्यात नुसते ‘ॲडी’. ती औषधांच्या दुकानातून आलेली असते, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेली असते, डबीवर रुग्णाचे नाव छापलेले असते. फक्त ते नाव गोळी घेणाऱ्याचे नसते. शेजारच्या खोलीतल्या मित्राचे असते, नाहीतर घरी राहिलेल्या धाकट्या भावाचे.

हा मित्र बहुधा पैसेही घेत नाही. २०१५ आणि २०१६ सालच्या राष्ट्रीय पाहणीवरून अमेरिकी संशोधकांनी मांडलेला हिशेब असा आहे : वर्षभरात सुमारे १ कोटी ६० लाख प्रौढांनी चिठ्ठीवरची उत्तेजके घेतली, त्यांतल्या ५० लाखांनी निदान एकदा तरी ती दुसऱ्याची घेतली किंवा डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा वेगळ्या रीतीने घेतली, आणि अशांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना ती मित्रांकडून वा नातेवाइकांकडून फुकट मिळाली होती. कशासाठी घेतली, असे विचारल्यावर निम्म्याहून अधिक लोकांनी सांगितले, जागे राहायचे होते, लक्ष लागायला हवे होते. नशा करायची होती असे सांगणारे त्या मानाने थोडे. अमली पदार्थ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे उभे राहते, त्यात हा विद्यार्थी कुठेच बसत नाही. तो अभ्यासाला बसलेला असतो. त्या क्षणी त्याच्या आईने त्याला पाहिले तर तिला समाधानच वाटेल.

या गोळीबद्दलचा वाद गेली वीसेक वर्षे एका समजुतीभोवती फिरतो आहे. विरोध करणारे तिला परीक्षेतली लबाडी म्हणतात. बाजू घेणारे तिला माणसाच्या प्रगतीची पुढची पायरी म्हणतात. दोघांनीही धरून चाललेले असते की गोळीने डोके जास्त चालते. निरोगी माणसाचे डोके तिने जास्त चालत नाही. ती करते ते काम निराळे आहे : ती कंटाळा मारते. एवढा फरक ध्यानात घेतला की लबाडीचा आणि प्रगतीचा, दोन्ही मुद्दे मागे पडतात आणि शिकण्याचा प्रश्न पुढे येतो.

१९३७ हे साल अशा गोळ्यांच्या इतिहासात दोनदा येते. ऱ्होड आयलंडमधल्या ब्रॅडली बालगृहात चार्ल्स ब्रॅडली हे डॉक्टर वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांवर उपचार करत. मेंदूची क्ष-किरण तपासणी करण्यासाठी त्या काळी पाठीच्या कण्यातला द्रव काढावा लागे आणि नंतर मुलांचे डोके भयंकर दुखे. त्यावर उपाय म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन, म्हणजे ॲम्फेटमाइन, देऊन पाहिले. डोकेदुखीवर फारसा उपयोग झाला नाही. पण शिक्षक येऊन सांगू लागले की मुले वर्गात भलतीच नीट बसत आहेत. तीस मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अभ्यास डोळ्यांत भरण्याइतका सुधारला. मुलांनीच त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले. आज ज्याला एडीएचडी म्हणतात, म्हणजे अवधान न टिकणे आणि अतिचंचलता, त्यावरच्या औषधोपचाराची सुरुवात इथे होते.

त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात याच औषधाचे प्रयोग विद्यार्थ्यांवर चालू होते. प्रयोगात भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या एक गोष्ट ताबडतोब लक्षात आली : रात्र जागून काढता येते. बातमी पसरली, परीक्षेआधी गोळ्या घेण्याची टूम निघाली आणि १९३७ मध्ये वर्तमानपत्रांत व वैद्यकीय नियतकालिकांत त्याबद्दल चिंता छापून येऊ लागली. म्हणजे उपचार आणि गैरवापर जवळजवळ एकाच वर्षी जन्मले. आजकालची पिढी बिघडली, या नेहमीच्या तक्रारीला इथे तरी जागा नाही. त्या पहिल्या विद्यार्थ्यांची नातवंडेही आता निवृत्तीला आली असतील.

पुढचा प्रवास बाजारपेठेचा आहे. स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीत लिआन्द्रो पानित्सोन यांनी १९४४ साली मिथाइलफेनिडेट तयार केले. त्यांची पत्नी मार्गेरित, घरातली रिटा, टेनिस खेळण्याआधी ते घेई आणि तिला तरतरी येई. त्या रिटावरून रिटालिन. ॲडरॉलचा जन्म तर आणखी मजेशीर आहे. १९६० च्या दशकात वजन कमी करण्यासाठी ओबेट्रॉल नावाची ॲम्फेटमाइनचीच गोळी विकली जात होती. तीच पुढे एका छोट्या कंपनीच्या हाती आली आणि १९९६ मध्ये नव्या नावाने, लक्ष लागण्याचे औषध म्हणून बाजारात उतरली. अमेरिकेत १९९० साली सुमारे ६ लाख मुले एडीएचडीची औषधे घेत होती. २०१३ च्या सुमारास हा आकडा ३५ लाखांवर गेला. या आजाराला मान्यता मिळावी म्हणून आयुष्य घालवलेले ड्यूक विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कीथ कॉनर्स यांनीच उतारवयात या वाढीबद्दल उघड नापसंती व्यक्त केली. घराघरांत डब्या आल्या, की काही गोळ्या डबीबाहेर जाणारच.

किती विद्यार्थी घेतात? ११९ महाविद्यालयांतल्या १०,९०४ विद्यार्थ्यांची २००१ साली पाहणी झाली. आधीच्या वर्षभरात चिठ्ठीशिवाय उत्तेजके घेतलेले निघाले ४.१ टक्के. काही महाविद्यालयांत एकही नव्हता, तर काही ठिकाणी चारांत एक. प्रवेश जितका अवघड तितके प्रमाण जास्त. विद्यार्थ्यांच्या ‘फ्रॅटर्निटी’ मंडळांत जास्त. विद्यार्थ्यांना मात्र वाटते की आपण सोडून सगळेच घेतात, आणि हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच फुगलेला असतो, हेही पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. पाहणीतला सर्वांत बोलका तपशील मात्र गुणांचा होता. गोळी घेणारे हे वर्गातले हुशार, आणखी वर चढू पाहणारे विद्यार्थी नव्हते. त्यांचे गुण सरासरीने कमी होते.

मेरिलंड विद्यापीठातल्या अमेलिया आरिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या एका मोठ्या गटाचा अनेक वर्षे माग ठेवला. त्यातून दिसलेली साखळी कोणाही प्राध्यापकाला ओळखीची वाटेल. आधी दारू आणि गांजा, मग सकाळचे तास बुडवणे, मग गुण घसरणे, आणि शेवटच्या आठवड्यात गोळी. गोळी घेऊन तरी गुण वाढले का? त्याच अभ्यासात त्याचेही उत्तर आहे : गोळी सुरू करणाऱ्यांचे गुण वाढले नाहीत. न घेणाऱ्यांचे किंचित वाढले. आपल्याकडे अभियांत्रिकीची मुले सबमिशनच्या आदल्या दिवशी ‘नाईट मारतात’, कोणाची तरी जर्नल समोर ठेवून पहाटेपर्यंत उतरवून काढतात, आणि केटी, म्हणजे नापास विषय पुढच्या सत्रात ओढणे, टळली की सत्र संपले असे मानतात. तिथे चहा असतो, इथे ॲम्फेटमाइन आहे. मूळ दुखणे एकच, चार महिन्यांचे काम चार रात्रींत उरकण्याचे.

आता गोळी पोटात गेल्यावर काय होते ते पाहू. ॲम्फेटमाइन आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरॲड्रिनॅलिन या रसायनांचा पेशींबाहेरचा साठा वाढवतात. पहिले ती रसायने बाहेर ढकलते, दुसरे ती परत आत शोषली जाऊ देत नाही. ज्याच्या मेंदूत अवधान सांभाळणारी ही यंत्रणाच कमकुवत आहे, त्याला यामुळे खरोखर आधार मिळतो. एडीएचडीचे औषध खोटे आहे असे मला मुळीच सुचवायचे नाही. बालरोग आणि मनोविकारशास्त्रातल्या भक्कम पुराव्यांच्या उपचारांपैकी ते एक आहे. प्रश्न आहे तो ज्याला हा आजार नाही त्याचा.

२००४ साली नोरा व्होल्कॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ निरोगी माणसांवर एक साधा पण मार्मिक प्रयोग केला. त्यांना कधी मिथाइलफेनिडेट दिले, कधी नुसती साखरेची गोळी, आणि गणिते सोडवायला लावली. एरवी निसर्गाची चित्रे बघत बसायला सांगितले. औषध घेऊन चित्रे बघताना मेंदूतले डोपामिन विशेष वाढले नाही. औषध घेऊन गणिते करताना वाढले, आणि त्या वेळी माणसे म्हणाली की गणिते मनोरंजक वाटत आहेत, करावीशी वाटत आहेत. गणिते तीच होती. ब्रॅडलींच्या बालगृहातल्या मुलांनी ठेवलेले नाव शास्त्रज्ञांना सदुसष्ट वर्षांनी समजले म्हणायचे.

समाजशास्त्रज्ञ स्कॉट व्रेको यांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली. अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठातल्या २४ विद्यार्थ्यांशी ते सविस्तर बोलले. या गोळीने स्मरणशक्ती वाढली, आकलन वाढले, असे विद्यार्थी सांगतील अशी अपेक्षा होती. ते बोलत राहिले मनःस्थितीबद्दल : अंगात उत्साह येतो, कामाला लागावेसे वाटते, विषयात गोडी वाटते, अभ्यास करताना मजा येते. एरवी जो निबंध पाहिला की पोटात गोळा येतो तोच लिहायला घ्यावासा वाटतो. म्हणजे विद्यार्थ्यांना स्वतःला नेमके ठाऊक होते ते काय घेत आहेत. ‘बुद्धिवर्धक’ हे बिरूद बाहेरच्यांनी लावलेले आहे.

ही उसनी गोडी माणसाला फसवते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४६ निरोगी तरुणांना ॲडरॉलमधलेच क्षार देऊन स्मरण, सर्जकता, तर्क अशा १३ प्रकारच्या चाचण्या घेतल्या. एकंदरीत कामगिरी सुधारल्याचे दिसले नाही. पण औषध घेतलेल्यांना ठाम वाटत होते की आपण जास्त चांगले काम केले. दारू पिऊन गाणाऱ्या माणसालाही असेच वाटते, फक्त त्याला ऐकणारे तोंडावर सांगतात.

२०२३ मध्ये मेलबर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांनी ४० निरोगी माणसांपुढे पिशवीचे कोडे ठेवले. एक पिशवी आहे, तिच्यात ठरावीक वजनच मावते. समोर निरनिराळ्या वजनांच्या आणि किमतींच्या वस्तू आहेत. जास्तीत जास्त किमतीचा ऐवज भरायचा. ऐकायला सोपे, करायला अवघड. संगणकशास्त्रातही हा कठीण प्रश्नांपैकी एक मानला जातो. प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी मिथाइलफेनिडेट, जागे ठेवणारे मोडाफिनिल, डेक्स्ट्रोॲम्फेटमाइन आणि साखरेची गोळी घेऊन अशी कोडी सोडवली. औषध घेतल्यावर माणसे जास्त वेळ झटली, जास्त वस्तू उचलल्या-ठेवल्या, अधिक वेगाने हलवल्या. पण विचारपूर्वक हलवण्याऐवजी ती जवळजवळ कशाही हलवू लागली. कष्ट वाढले, कष्टांचा दर्जा घसरला. त्यातही मासलेवाईक निष्कर्ष असा की साखरेच्या गोळीवर जे सरासरीच्या वर होते, ते औषधावर बहुधा सरासरीच्या खाली गेले. हुशारांनीच सर्वांत जास्त गमावले.

इथे पॉल एर्डिश यांचे नाव हटकून पुढे येते. हंगेरीचे हे थोर गणिती ॲम्फेटमाइन घेत. काळजीपोटी मित्र रॉनल्ड ग्रॅहम यांनी १९७९ मध्ये पाचशे डॉलरची पैज लावली, एक महिना सोडून दाखव. एर्डिश यांनी सोडून दाखवले, पैसे घेतले आणि तुझ्यामुळे गणित एक महिना मागे पडले अशी तक्रार करून पुन्हा गोळ्या सुरू केल्या. गोळीच्या समर्थकांना हा किस्सा फार आवडतो. पण एर्डिश यांनी गोळ्या घ्यायला सुरुवात केली ती १९७१ मध्ये आई गेल्यावर, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी. बर्ट्रांडच्या सिद्धान्ताची सुरेख सिद्धता त्यांनी विशीच्या आत दिली होती आणि अविभाज्य संख्यांच्या सिद्धान्तावरचे गाजलेले काम चाळिशीच्या आत झाले होते. किश्शातून निघतोच तर एवढा निष्कर्ष निघतो की ज्याला गणिताची तहान आधीपासून होती, त्याला म्हातारपणी मन लागेनासे झाले आणि गोळीने ते लागले. गणित त्यांना गोळीने शिकवले नाही.

प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. झोप न झालेल्या माणसाला ही औषधे खरोखर जागे ठेवतात. दुसऱ्या महायुद्धात सर्वच बाजूंच्या सैन्यांनी त्यासाठीच ती वापरली. १९४० च्या फ्रान्सवरील स्वारीच्या महिन्यांत जर्मन सैन्याला मेथॲम्फेटमाइनच्या साडेतीन कोटी गोळ्या पुरवल्या गेल्या. पहाटे तीनला पेंगणाऱ्या विद्यार्थ्याने गोळी घेतली तर तो न घेतलेल्या पेंगणाऱ्यापेक्षा जास्त पाने वाचेल. पण दुसऱ्या दिवशी त्यातले किती आठवते हे झोपेवर अवलंबून असते, आणि झोप तर गोळीने खाल्लेली असते. अनेक विद्यार्थी सांगतात की गोळी घेतल्यावर सहा तास नोट्स रंगीत पेनने अधोरेखित करण्यात गेले, किंवा खोली आरशासारखी लख्ख झाली. गोडी विषयाची नसतेच. जे समोर असेल त्याला ती चिकटते.

म्हणून ड्यूक विद्यापीठाने २०११ मध्ये घेतलेला निर्णय मला चुकीच्या दिशेचा वाटतो. गुण वाढवण्यासाठी दुसऱ्याची औषधे घेणे म्हणजे परीक्षेतली अप्रामाणिकता, असे कलम त्यांनी नियमांत घातले. हेतू चांगला होता आणि मागणी विद्यार्थ्यांकडूनच आली होती, असे सांगतात. हेतू फसवण्याचा असेल तर फायदा झाला की नाही हे गौण आहे, असा युक्तिवादही करता येईल. पण या नियमाने दोन गोष्टी होतात. एक, विद्यापीठच जाहीर करते की या गोळीने गुण वाढतात. एवढी जाहिरात तर कंपनीलाही करता आली नसती. दोन, ज्याला गोळीशिवाय बसवत नाही असा विद्यार्थी मदत मागायला जाताना विचार करतो की आपण आजारी म्हणून चाललो आहोत की चोर म्हणून. खेळाडूंच्या उत्तेजकांशी होणारी तुलनाही इथे लागू पडत नाही. धावपटूने रक्तात काय घातले त्याने त्याचे सेकंद खरोखर कमी होतात.

२००८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात काही विद्वानांनी उलट टोकाची मांडणी केली : निरोगी प्रौढांना अशी औषधे जबाबदारीने वापरू द्यावीत. त्याच वर्षी त्या नियतकालिकाने आपल्या वाचकांना विचारले तेव्हा उत्तर देणाऱ्या १,४०० जणांपैकी पाचांत एकाने अशी औषधे घेतल्याचे सांगितले. तिथले वाचक बहुतेक संशोधक आणि प्राध्यापक. विद्यार्थ्यांना शहाणपण शिकवणाऱ्यांनी हा आकडा आधी आपल्या टेबलावर ठेवावा. त्या विद्वानांचा युक्तिवाद वाचताना एकच गोष्ट खटकते : कॉफी, व्यायाम आणि ॲम्फेटमाइन एका माळेत ओवण्याची. कॉफीसाठी कोणी खोटी लक्षणे पाठ करून डॉक्टरकडे जात नाही.

ती पाठ करणे सोपे आहे. एडीएचडीच्या निदानाला रक्ततपासणी नाही. प्रश्नावली, बालपणाचा इतिहास आणि डॉक्टरांचा अनुभव यांवर ते होते. नुसती प्रश्नावली भरून आजारी दिसणे विद्यार्थ्यांना सहज जमते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. करोनाकाळात २०२० पासून व्हिडिओवर तपासून अशी औषधे लिहून द्यायला परवानगी मिळाली आणि त्यातून एक धंदाच उभा राहिला. ‘डन’ नावाच्या कंपनीच्या संस्थापकाला जून २०२४ मध्ये अटक झाली. चार कोटींहून अधिक गोळ्या वैद्यकीय गरज न पाहता वाटल्याचा आणि दहा कोटी डॉलरहून अधिक कमाई केल्याचा आरोप सरकारने ठेवला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, औषध प्रशासनाने ॲडरॉलच्या टंचाईची घोषणा केली होती. टंचाईची कारणे अनेक होती, कारखान्यातल्या विलंबापासून ते सरकारने ठरवून दिलेल्या उत्पादनाच्या कोट्यापर्यंत. झळ बसली ती ज्यांना औषध नसेल तर नोकरी टिकत नाही, गाडी चालवता येत नाही, मूल वर्गात बसत नाही, अशा घरांना. फुकट वाटलेल्या गोळीची किंमत ही अशी दुसऱ्याच्या घरातून वसूल होते.

शरीराची किंमत वेगळी. भूक जाते, नाडी आणि रक्तदाब चढतो, झोप उडते, असर उतरला की उदासी येते, आणि ती टाळण्यासाठी पुढची गोळी. १३ ते २५ वयोगटातल्या, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधे सुरू केलेल्या रुग्णांच्या २०१९ मधल्या मोठ्या अभ्यासात सुमारे ६६० पैकी एकाला नव्याने मनोविकृतीची लक्षणे दिसली. ॲम्फेटमाइनवर हे प्रमाण मिथाइलफेनिडेटच्या दुप्पट होते. आकडा लहान आहे. पण तिथे मात्रा ठरवणारा आणि लक्ष ठेवणारा कोणी होता.

आणि आता तर गोळी ती गोळीच असेल याचीही खात्री नाही. मे २०२२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनी दगावल्या; विद्यापीठाने लगोलग इशारा दिला की बनावट ॲडरॉल फिरते आहे आणि तिच्यात फेंटॅनिल हे अतिशय तीव्र अमली द्रव्य असावे. फोनवरून मागवलेली, दिसायला हुबेहूब, रंगही तोच. अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी अंमलबजावणी खात्याने २०२३ मध्ये तपासलेल्या, फेंटॅनिल असलेल्या बनावट गोळ्यांपैकी दहांत सातांमध्ये जीव घेण्याइतकी मात्रा निघाली. १९३७ मधल्या मिनेसोटाच्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला हा धोका नव्हता. ‘एकदा घेऊन बघायला काय हरकत आहे’ हे वाक्य आज पूर्वीपेक्षा पुष्कळ महाग आहे.

आता पुन्हा कंटाळ्याकडे. तरुण मुलांना अभ्यासाचा कंटाळा येतो यात नवे काही नाही, आणि सगळा दोष विद्यापीठांवर ढकलणे सोपे आहे म्हणूनच मला ते टाळायचे आहे. कोणत्याही विद्येत कोरडा भाग असतोच. क्रियापदांची रूपे, समाकलनाची शेकडो उदाहरणे, प्रयोगशाळेतली मोजमापे. गायक पहाटे तंबोरा घेऊन एकच स्वर तासभर लावत बसतो तेव्हा तो आनंदाने नाचत नसतो. पण त्या कंटाळ्यातूनच स्वराची गोडी उगवते आणि मग ती कोणी काढून घेऊ शकत नाही. गोळी नेमका हा मधला टप्पा गाळते. गोडी आधी आणि फुकट देते, आणि असर उतरला की परत नेते. अशा चार वर्षांनंतर पदवी हातात येते, विषयावर मन मात्र बसलेले नसते.

पण विद्यापीठांचा वाटा काहीच नाही असेही नाही. तीनशे-चारशे मुलांच्या व्याख्यानगृहात वर्षभर प्राध्यापकाने नाव घेऊन हाक मारलेली नसते. सगळे गुण दोन परीक्षांवर टांगलेले असतात. डोक्यावर शैक्षणिक कर्ज असते, आणि अमेरिकेतल्या अशा कर्जांची एकूण रक्कम १.६ लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली आहे. ‘हे मी का शिकतो आहे’ या प्रश्नाला ‘नोकरी लागावी म्हणून’ याखेरीज उत्तर नसले, तर अभ्यास म्हणजे पार पाडायचे एक ओझे होते, आणि ओझे उचलायला कोणीही टेकू शोधतो. दर दोन आठवड्यांनी छोटी चाचणी घेतली, तास बुडवणाऱ्याची महिन्याभरात कोणी चौकशी केली, तर शेवटच्या आठवड्यातल्या कितीतरी गोळ्यांची गरजच पडणार नाही. याला मोठा निधी लागत नाही. प्राध्यापकांचा वेळ लागतो, आणि तो संशोधननिबंधांच्या मोजणीत गेलेला असतो.

हे सगळे अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही. २०२३-२४ मध्ये तिथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती; चीनला मागे टाकून भारत पहिल्या क्रमांकावर गेला. त्यांत पुण्या-मुंबईहून, नागपूर-नाशिकहून एमएस करायला गेलेली मुले पुष्कळ. ‘नाईट मारण्याची’ सवय घेऊन ती जातात, आणि तिथे शेजारच्या खोलीत डबी असते. भारतात ॲडरॉल विकलेच जात नाही. मिथाइलफेनिडेट मिळते, पण शेड्यूल एक्समध्ये : चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची, आणि दुकानालाही वेगळा परवाना. त्यामुळे खऱ्या रुग्णांचे आईवडील एका औषधासाठी शहरातली दुकाने पालथी घालतात. मोडाफिनिलवर तेवढा पहारा नाही, ते आपल्याकडेच भरपूर बनते आणि वसतिगृहांत त्याचे नाव अनोळखी नाही. पिशवीच्या कोड्यात त्याचा निकाल काय लागला ते वर आलेच आहे.

मुलाला किंवा मुलीला अमेरिकेला पाठवणाऱ्या पालकांनी लोणच्याच्या बरण्यांबरोबर दोन-तीन गोष्टी जरूर बांधून द्याव्यात. मैत्रीत दिलेली एक गोळीही तिथल्या कायद्यात ‘वितरण’ ठरते, कारण ॲडरॉल कोकेन आणि मॉर्फिन यांच्याच अनुसूचीत आहे. आणि अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी विद्यार्थी, स्वतःपुरत्या थोड्या गांजाचा अपवाद सोडला तर, हद्दपारीस पात्र होतो. मुलाला एडीएचडी असेल तर औषध मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या पत्रासह न्यावे, आणि मागितले तरी कोणाला देऊ नये. निदान झालेले नसेल पण लक्ष खरोखरच लागत नसेल, तर मित्राच्या डबीकडे न बघता विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात वेळ घ्यावी. बऱ्याच विद्यापीठांत तिथल्या पहिल्या भेटींचे पैसे फीबरोबर आधीच भरलेले असतात.